कचऱ्यातून नाही गं आई, खोक्यातून

श्टुटगार्ट, रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

ति. बाबा आणि सौ. आई यांना सा. न. वि. वि.

(बाबा, मायना बरोबर आहे ना? नाहीतर लाल पेनने दुरुस्त करून फोटो पाठवाल.)

परवा कॉलवर आई एकदम गप्प झाली आणि मग नेटवर्क गेलं म्हणून फोन ठेवला. नेटवर्क काही गेलं नव्हतं, कुकरच्या दोन शिट्ट्या मला स्पष्ट ऐकू आल्या. म्हणून लिहितोय. फोनवर मी एक सांगतो, तू भलतंच ऐकतेस, बाबा मध्ये पडतात आणि शेवटी गाडी 'जेवलास का' वर येऊन थांबते. जेवलो. रोज जेवतो. वजन कमी झालेलं नाही, या फोनचा कॅमेराच तसा आहे.

आधी ते कचऱ्याचं. कुणीतरी ग्रुपवर टाकलं की हा तिकडे रस्त्यावरचं उचलून घरात आणतो, आणि तेव्हापासून तुझं जेवणावरचं लक्ष उडालंय असं ताई म्हणाली. अगं मी कचरा उचलत नाही. ते खोकं असतं. नीट सांगतो, कारण मलाही पहिले सहा महिने हा प्रकार कळला नव्हता.

इथे जर्मनीत लोकांना घरातली एखादी वस्तू नको झाली, पण ती चांगली असेल, तर ते पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून फाटकाबाहेर फुटपाथवर ठेवून देतात आणि वर कागद चिकटवतात, 'त्सु फरशेंकेन', म्हणजे भेट द्यायचं आहे, फुकट. मग जाणाऱ्या-येणाऱ्याने हवं ते घ्यायचं. शेजारी कोणी उभं नसतं, विचारायचं नसतं, थँक्यू म्हणायला माणूसच नसतो. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं कुणीतरी घर बदलतंय आणि खोकं विसरलंय, तर मी चक्क दहा मिनिटं तिथे राखण करत उभा राहिलो. एक आजोबा आले, माझ्याकडे बघून मान हलवली आणि आतला दिवा घेऊन गेले. मी चोर पकडल्यासारखा त्यांच्याकडे बघत राहिलो. आणि याला नियम आहेत हं. पाऊस असेल तर ठेवायचं नाही. कप-बशा धुऊन ठेवायच्या. विजेची वस्तू असेल तर चिठ्ठी लावायची की चालू आहे. एकदा लहान मुलांचं चित्र जुळवायचं कोडं होतं, त्यावर लिहिलं होतं, एक तुकडा कमी आहे, आभाळातला. म्हणजे बघ, हरवलेला तुकडा कुठला तेही प्रामाणिकपणे सांगितलेलं. संध्याकाळी जे उरेल ते आपलं आपण परत घरात न्यायचं, नाहीतर तो रस्त्यावर टाकलेला कचरा धरतात आणि दंडसुद्धा होऊ शकतो. आपल्याकडे बोहारीण यायची, तू जरीच्या साडीवर दोन पातेली मागायचीस, ती एकच म्हणायची, तासभर घासाघीस. इथे घासाघीस नाही, पातेलं नाही, बोहारीणच नाही, नुसतंच बोचकं. आणि लाज कुणाला नाही ही खरी गंमत. आमच्या खाली राहतात त्या बाईंची गाडी आपल्या घरापेक्षा महाग असेल, त्यासुद्धा वाकून खोक्यात बघतात, आणि मी दिसलो की मलाच एखादी वस्तू दाखवतात, ही घे, तुझ्या उपयोगाची.

तर उचलतो म्हणजे हे.

आणि पोतंभर बाटल्या घेतलेला तो माझा फोटो, तोही भंगाराचा धंदा नव्हे. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवर इथे २५ सेंट डिपॉझिट असतं, दुकानातल्या मशीनमध्ये बाटली टाकली की पैसे परत. माझा मॅनेजरसुद्धा शनिवारी दोन पिशव्या घेऊन लाइनीत असतो. त्याच्या आईला कोणी फोन करून सांगत नाही.

खोक्यातून पहिला आणला तो एक कप. निळ्या रेघांचा, काठापासून बुडापर्यंत केसाएवढा चरा गेलेला, पण कान शाबूत. चहासाठी नाही गं, पक्ष्यांसाठी. खोबऱ्याचं घट्ट तेल वितळवायचं, त्यात थोडं साधं तेल, नाहीतर थिजल्यावर त्याचा भुगा होतो, मग सूर्यफुलाच्या बिया आणि ओट्स. कपात एक काडी रोवायची आणि हे मिश्रण ओतून थिजू द्यायचं. कानात सुतळी ओवून टांगला की कप आडवा होतो, काडी बाहेर येते, तीच त्यांची बसायची फांदी. इथे बरेच जण हे गुरांच्या चरबीत करतात, मी खोबरेलात करतो, त्यामुळे निदान माझ्या बाल्कनीत तरी पक्षी शाकाहारी जेवतात, आजीला सांग.

तीन दिवस कोणी फिरकलं नाही. चौथ्या दिवशी एक आला. चिमणीएवढाच, पोट पिवळं आणि त्यावरून मधोमध काळा पट्टा, टाय घातल्यासारखा, डोकं काळं, गाल पांढरे. माइजे म्हणतात त्याला. काडीवर बसला तर कप फिरला, हाही कपाबरोबर फिरला, तोंड भिंतीकडे झालं तरी पठ्ठ्या सोडेना. एक बी घेऊन समोरच्या फांदीवर गेला, पायाखाली दाबून धरली, चोचीने ठकठक ठोकून फोडली, खाल्ली, परत आला. पुन्हा एकच बी. कितीदा ते मोजलं नाही, पण हातातल्या चहावर साय धरली आणि ती पार सुरकुतली तरी मी तिथेच उभा. तेव्हा साडेदहा वाजले होते. ऑफिस नव्हतं का, असं आई विचारेल. सांगतो पुढे.

ऑक्टोबरात इथे फुटपाथवर चेस्टनट पडतात. बाबा, घाबरू नका, खायचे वेगळे, हे घोड्याचे चेस्टनट, कडू असतात, पोटाला वाईट, मी तोंडात घातलेलं नाही. हिरवं काटेरी बोंड वरून पडून फुटतं आणि आतली बी बाहेर येते, शिसवी पाटाला तेलाचा हात दिल्यासारखी. दोन दिवसांत ती चमक जाते तरी माणसं खिशात घालून चोळत हिंडतात, माझ्याही सगळ्या जॅकेटांत आहेत. तर याचे चार-चार तुकडे करून कोमट पाण्यात रात्रभर ठेवले की पाणी दुधट होतं आणि हलवलं की फेस येतो. त्यात कपडे धुता येतात. म्हणजे आपला रिठाच की! रिठ्यात फेस आणणारं जे सॅपोनिन असतं तसंच यातही आहे, आणि वाचलं तर दोन्ही झाडं एकाच कुळातली निघाली. मी हात घातला त्या पाण्यात आणि डोळे आपोआप मिटले, आजी न्हाणीघरात पकडून बसवायची आणि फेस डोळ्यांत जायचा ना, तसे. बाकी कपडे छान निघतात, फक्त दोन बनियन पिवळट झाले. पांढऱ्यासाठी आधी साल काढायची असते हे नंतर कळलं.

गेल्या सोमवारी डबा घेऊन बिर्केनकोप्फवर गेलो. बाबांना आवडेल म्हणून लिहितो. ही शहराच्या कडेची टेकडी, पण वरचा भाग माणसांनी रचलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांत इथली घरं पडली, त्याचा ढिगारा १९५३ ते १९५७ या काळात ट्रकांनी वर नेऊन टाकला, जवळजवळ १५ लाख घनमीटर. टेकडी साधारण ४० मीटरने वाढली, आता ५११ मीटर आहे. लोक तिला मोंटे शेरबेलिनो म्हणतात, शेरबेन म्हणजे फुटके तुकडे, म्हणजे आपल्या भाषेत खापरांचा डोंगरच. वाटेत दोन्ही बाजूंनी झाडं इतकी दाट की खाली कुणाची घरं आहेत हे लक्षातच येत नाही, आणि वर पोचलं की एकदम दगड दिसतात, खिडकीची कमान, खांबाचं कोरलेलं डोकं, सगळं एकावर एक पडलेलं, वर शेवाळ. एका नक्षीच्या खाचेत बोटभर उंचीचं बर्चचं रोप उगवलं होतं, दोन पानं राहिलेली, दोन्ही पिवळी. त्याच्या शेजारी बसून डबा खाल्ला. गार झाला होता पण चव होती.

आणि आता आईसाठी. मी गोधडी शिवतोय. हसू नकोस. खोक्यातून एक सुती चादर, एक चौकड्यांचा शर्ट आणि उशीचे अभ्रे मिळाले, ते गरम पाण्यातून काढले (हो, दोनदा), आणि वरून तुझी ती मोरपंखी साडी, जी तू लोणच्याच्या बरणीला गुंडाळून दिली होतीस. काठाला तेलाचा डाग पडलाय, तो धुऊन गेला नाही. मी तो भाग मुद्दाम मधोमध घेतला. आजीसारखं काठापासून सुरू करून आत आत जायचं ठरवलंय, धावदोराच, पण आजीचा टाका तांदळाएवढा असायचा, माझा वालाएवढा होतो, आणि ओळ कुठे जाईल ते ओळीलाच माहीत. अंगुस्तान नाही म्हणून बोटाला चिकटपट्टी लावतो. पंचवीस दिवसांत दोन वीत झाली. थंडीची काळजी करू नकोस, हीटर आहे, जाड रजई आहे, थंडी वाजते म्हणून शिवत नाहीये.

दिवाळीत कंदीलही केला होता, पार्सलच्या पुठ्ठ्याचा आणि ट्रेसिंग पेपरचा, तो अजून खिडकीत आहे. वरच्या मजल्यावरच्या मुलीने तो बघितला. परवा ११ तारखेला इथे सांक्ट मार्टिनचा सण, संध्याकाळी मुलं हातात कागदी दिवे घेऊन गाणी म्हणत रांगेत जातात, ते दिवेही घरीच करतात, पुष्कळदा चीजच्या रिकाम्या गोल डब्याचं बूड लावून. तर तिने स्वतःचा अर्धा केलेला दिवा सोडून दिलाय आणि तिला माझा कंदील हवाय. शेपट्या जरा आखूड केल्या, नाहीतर पायात येतील. तेव्हा परवा आपला आकाशकंदील मिरवणुकीत जाणार. फोटो पाठवीन, तो खुशाल ग्रुपवर टाका.

आता 'पुढे सांगतो' म्हटलं होतं ते.

सप्टेंबरपासून आमच्याकडे काम कमी आहे. नोकरी गेलेली नाही, हे आधी वाच आणि मग पुढचं. याला कुर्त्सआर्बाइट म्हणतात, ऑर्डरी नसल्या की माणसं काढण्याऐवजी कामाचे तास कमी करतात आणि जेवढा हातातला पगार बुडतो त्याच्या ६० टक्के सरकारकडून मिळतात. मला सोमवार आणि शुक्रवार सुट्टी आहे. हिशोब केला तर हातात येतात ते साधारण सोळा टक्के कमी. उपाशी मरण्यासारखं काही नाही. पण दिवाळीत मी म्हणालो ना की काम फार आहे, सुट्टी मिळत नाही, तर सुट्टी होती. तिकिटाचे पैसे वाचवले. आई, तू करंज्यांचा डबा बाजूला काढून ठेवला होतास हे ताईने नंतर सांगितलं, तिने सांगायला नको होतं.

ताईच्या मंगल कार्यालयाचा ॲडव्हान्स मी देणार म्हटलंय तर देणारच, फक्त एकदम नाही, अर्धा या महिन्यात आणि अर्धा जानेवारीत, बाबांनी त्यांना तसं विचारून बघावं. घराच्या हप्त्याला ५० हजार पाठवायचो त्याचे मार्चपर्यंत ३५ येतील. वरचे पंधरा बाबांनी एफडीतून घ्यावेत, मी ते भरून काढतो, आणि यावरून पेन्शनला हात लावायचा नाही. मार्चला काय होईल ते मार्चला.

आणि मामांनी आणलेलं स्थळ. मी नाही म्हणत नाहीये. मुलगी फोनवर चांगली बोलली, तिला झाडांतलं कळतं, माझ्या खोक्याच्या गोष्टीवर ती हसली पण कीव नाही केली. पण त्या लोकांना पगार सांगताना मामांनी जुना आकडा सांगितलाय, तो दुरुस्त करा. मी तिला सांगितलंय, तिच्या घरच्यांना तुमच्याकडून कळलेलं बरं. मग त्यांचं काय म्हणणं असेल ते असो.

प्रेशरच्या गोळ्या दोघांनी वेळेवर घ्या. ग्रुपवर कोणाला काही समजावत बसू नकोस, आई, हे पत्रही तिथे टाकू नकोस, निदान हे शेवटचं पान.

तुमचा,
बाळ्या

ता. क. आजीला एक विचार. गोधडीचा शेवटचा कोपरा बंद करायच्या आधी ती आत काहीतरी ठेवायची. मला भाकरीचा तुकडा आठवतोय, ताई म्हणते हळद. त्या कोपऱ्यापर्यंत पोचायला मला अजून वेळ आहे, पण विचारून ठेव.