वाढवायची काय, आवरायची आहे!

प्रिय नीला,

तुझं पत्र मिळालं. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं, म्हणजे सांधे सुजवणाऱ्या आमवाताचं, निदान, सकाळी उठल्यावर न वळणारी बोटं, आणि वरून घरचे सगळे ‘प्रतिकारशक्ती वाढव’ म्हणून पावडरीचा डबा घेऊन मागे लागलेले. तू विचारतेस, माझी प्रतिकारशक्ती इतकी कमी झालीच कशी? अगं, ती कमी झालेलीच नाही, ती तुझ्याच सांध्यांवर उठलीये. म्हणून हे लांबलचक पत्र. ते वाचून होईपर्यंत त्या पावडरीचा डबा उघडू नकोस.

आधी साध्या जखमेचं सांगते, कारण तिथे ही यंत्रणा फार शहाण्यासारखी वागते. बोट कापलं की फुटलेल्या पेशींतून एरवी आतच राहणारी द्रव्यं बाहेर सांडतात. जंतू शिरलाय की नाही हे ठरायच्या आधीच, नुसत्या त्या सांडण्यावरून, शरीर धोका ओळखतं. जवळच्या मास्ट पेशी हिस्टमिन सोडतात, बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात आणि पाझरू लागतात. लाली, ऊब, सूज, ठणका ही चार लक्षणं रोमन लेखक सेल्सस याने पहिल्या शतकातच लिहून ठेवलीत. काही तासांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या रक्तपेशी येतात, जंतू गिळतात आणि मरतात. मागोमाग मॅक्रोफेज नावाच्या मोठ्या भक्षक पेशी येतात आणि त्या मेलेल्या न्यूट्रोफिलही गिळून टाकतात. मला सगळ्यात नवल वाटतं ते पुढचं. हे गिळता गिळता मॅक्रोफेजचा स्वभावच पालटतो. आधी सूज वाढवणाऱ्या याच पेशी आता ती ओसरवणारे संदेश सोडायला लागतात. म्हणजे सूज नुसती विरून जात नाही, ती मुद्दाम थांबवावी लागते. हे थांबवणं लक्षात ठेव, तुझं दुखणं तिथेच अडलंय.

पेशी अशा गिळतात हे मेचनिकोव्ह या जीवशास्त्रज्ञाने १८८२ मध्ये तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचून पाहिलं. पुढे १९०८ चं नोबेल त्याला आणि पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाला मिळून मिळालं. गंमत म्हणजे, शरीर स्वतःवर असा हल्ला होऊ देणारच नाही, अशी याच एर्लिखची धारणा होती. मोठ्या माणसाचा शब्द. पुढची कित्येक वर्षं तुझ्यासारख्या आजारांकडे कुणी नीट बघितलंच नाही.

जंतुसंसर्गात या पहिल्या फळीने भागलं नाही तर टी आणि बी नावाच्या पांढऱ्या रक्तपेशी उतरतात. उद्या कोणता जंतू येईल हे शरीराला माहीत नसतं, म्हणून या पेशींवरचे ग्राहक, म्हणजे जंतू ओळखणारे रिसेप्टर, आधीच कोट्यवधी प्रकारचे आणि अगदी आंधळेपणाने घडवलेले असतात. त्यातला एखादा जंतूशी जुळला की त्या पेशीची संख्या वाढायला काही दिवस लागतात. नव्या आजारात सुरुवातीचे दिवस जड जातात ते त्यामुळेही. पण आंधळेपणाने घडवायचं म्हटलं की काही ग्राहक स्वतःच्याच पेशींशी जुळणार. तुझ्यात, माझ्यात, सगळ्यांत. त्यातल्या बऱ्याच टी पेशी छातीतल्या थायमस ग्रंथीत मारल्या जातात. तिथून निसटलेल्यांना नियामक टी पेशी दाबून ठेवतात. साकागुची या जपानी शास्त्रज्ञांनी त्या १९९५ मध्ये दाखवल्या, आणि २०२५ चं नोबेल ब्रंको, रॅम्सडेल व त्यांना याच कामासाठी मिळालं. या पेशी घडवणारं जनुक बिघडलेल्या मुलांत शरीर एकाच वेळी आतडी, त्वचा, स्वादुपिंड यांवर उठतं. आवरणारं कुणी नसलं की काय होतं, याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

कधी निमित्त बाहेरून मिळतं. घशातल्या स्ट्रेप्टोकॉकसचे काही भाग हृदयातल्या प्रथिनांसारखे दिसतात, त्यामुळे घसा बरा झाल्यावर हृदयाच्या झडपांवर हल्ला होऊ शकतो, तोच संधिज्वर. क्वचित एका डोळ्याला खोल जखम झाली की काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी दुसरा, धडधाकट डोळाही सुजतो, कारण एरवी झाकलेली प्रथिनं उघडी पडलेली असतात.

तुझ्या बाबतीत असं एक निमित्त शोधत बसू नकोस. जनुकं असतात, धूम्रपानाने धोका वाढतो, बायकांत हा आजार पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट. तू मागच्या महिन्यातल्या तापाला दोष देतेस, पण तुझी अँटी-सीसीपी चाचणी पॉझिटिव्ह आहे, म्हणजे स्वतःच्याच प्रथिनांवर उठणारी प्रतिपिंडं (अँटीबॉडी) तुझ्या रक्तात सापडलीत, आणि ती पुष्कळदा सांधे दुखू लागायच्या कित्येक वर्षं आधीपासून रक्तात असतात. आता सांध्याच्या अस्तरात तेच मॅक्रोफेज टीएनएफ नावाचा सूज वाढवणारा संदेश सोडत बसलेत. जखम नाही, जंतू नाही, तरी थांबायचं नाव नाही. अशा यंत्रणेला आणखी जोर कशाला द्यायचा?

तुला दिलेली मेथोट्रेक्सेट ही यंत्रणा आवरते. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज चुकून घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून वार ठरव आणि कॅलेंडरवर लिही. फॉलिक अ‍ॅसिड डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घे. गुण यायला काही आठवडे लागतात, तेवढ्यात ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून सोडू नकोस. आवरलेल्या यंत्रणेला जंतूही थोडे जड जातात, हे मात्र खरं. ताप आला तर अंगावर काढू नकोस, आणि कुठलीही लस घेण्याआधी डॉक्टरांना विचार. पुढच्या वेळी जाशील तेव्हा तो पावडरीचा डबाही घेऊन जा, त्यात काय आहे ते त्यांना बघू दे.

सीआरपीचा, म्हणजे सूज मोजणाऱ्या रक्तचाचणीचा, नवा रिपोर्ट आला की कळव. आणि बोटं दुखत असतील तर लिहू नकोस, सरळ फोन कर.

तुझीच,
शुभा