मोळीचं वजन ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा झाला की धारूर, वडवणी, केज, पाटोद्याच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडं निघतील. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम किती, टनाला दर किती, यावर बोलणी होतात आणि व्हायलाच हवीत. पण अंगात उमेद असताना माणूस उसाच्या फडातून उठतो तो कंबर आणि गुडघ्यांमुळं. त्याबद्दल करारात एक ओळ नसते.

फेऱ्या वाचाव्यात म्हणून तोडलेल्या उसाची मोळी पस्तीस-चाळीस किलोची बांधतात. वाकून उचलताना हे ओझं मणक्यापासून फूटभर पुढं असतं, तर पाठीचे स्नायू मणक्यापासून जेमतेम दोन इंचांवरून जोर लावतात. म्हणजे त्यांच्यावर ओझ्याच्या पाच-सहा पट ताण, शिवाय स्वतःच्या धडाचा भार वेगळाच. त्यातच अंग पिळलं, की चकती सरकते. मोळी वीस-बावीस किलोचीच बांधावी. फेऱ्या वाढतील, टन तेवढेच भरतील. फडाच्या कडेला कंबरेइतकी उंच लाकडी घोडी ठेवावी. दोघांनी मोळी आधी घोडीवर ठेवायची, मग तिथून डोक्यावर घ्यायची. चुंबळ जाड आणि रुंद हवी, नाहीतर सगळा भार टाळूच्या एका जागी येऊन मान आखडते.

मोळी घेऊन चढायला गाडीला लावायची फळी हा दुसरा धोका. पहाटे दवानं ती निसरडी होते. दीड फूट रुंद फळी, फूट-फूट अंतरावर आडव्या पट्ट्या आणि वरच्या टोकाला गाडीत अडकणारा लोखंडी आकडा, एवढं गावचा सुतार-लोहार करून देतो. फळी जितकी लांब, तितका चढ कमी. गाडी बऱ्याचदा रात्रीच येते, म्हणून डोक्याला बांधायची बॅटरी प्रत्येकाकडं हवीच.

साखर बुडख्यात जास्त, म्हणून ऊस जमिनीलगत तोडावा लागतो. हे वाकणं टळत नाही, पण बोथट कोयत्यानं एका घावाचं काम तीन घावांवर जातं आणि मनगट, खांदा दोन्ही धरतात. टोळीत कानस असावी, सकाळी आणि दुपारी धार लावावी. मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळली की घामानं हात सुटत नाही. तोडणं, मोळी बांधणं आणि वाहणं ही कामं दोन-दोन तासांनी आपसात बदलून घ्यावीत.

बायका फडात पाणीच कमी पितात, कारण आडोसा नसतो. मग लघवीची जळजळ सुरू होते, आणि दुखणं अंगावर काढलं जातं. फेब्रुवारीनंतरच्या उन्हात दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी पोटात जायला हवं. फार घाम गेला तर लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि त्याच चमच्यानं अर्धा चमचा मीठ. कारखान्यानं फडाजवळ फिरतं शौचालय दिल्याशिवाय हा सल्ला मात्र पाळला जाणार नाही.

सगळ्यात घातक आहे खाड्याची, म्हणजे कामावर न आलेल्या दिवसाची, कपात. कंबर धरली तरी पैसे कापले जातील म्हणून बाई-माणूस फडात उतरतं, आणि आठ दिवसांच्या विश्रांतीनं बरं झालं असतं ते कायमचं होऊन बसतं.

इजा होईल एवढं ओझं कुणाला उचलायला लावू नये, हे १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ३४व्या कलमात लिहिलं गेलं. तोच ऊस गेटाबाहेर उचलणाऱ्याला मात्र त्या कलमाचा आधार मिळाला नाही. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ, कारखाने आणि टोळ्या पुरवणाऱ्या मुकादमांनी यंदाच्या करारातच मोळीचं कमाल वजन, फळीचं माप आणि आजारपणाचा बिनकपातीचा खाडा लिहून घ्यावा, ही विनंती.

आपले,
ऊसतोड मजुरांसोबत काम करणारे कार्यकर्ते,
केज, जि. बीड