उमेदवारांना एकदा आमच्या पारावर बसवा

संपादक साहेब, नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्यातल्या हजारेक मतदारांच्या गावातून लिहितोय. निवडणूक आली की आमच्याकडे भोंग्याच्या गाड्या सुरू होतात, उमेदवार खाली उतरतात, म्हाताऱ्यांच्या पाया पडतात, मारुतीसमोर नारळ फोडतात, दहा मिनिटं बोलतात अन् पुढच्या गावाला उशीर होतोय म्हणून निघून जातात. मागच्या खेपेला एका पोरानं प्रश्न विचारायला हात वर केला तर सोबतचा कार्यकर्ता म्हणतो, "तुयं काय ते मंग फोनवर सांगजो बाप्पा." फोन काही उचलला गेला नाही, ते सांगायलाच नको.

म्हणजे सभा भरपूर होतात पण त्यात आपण फक्त टाळ्या वाजवायच्या. विचारायची जागा कुठंच नाही, तीच मागायला हे पत्र.

कोणी म्हणेल ग्रामसभा आहे ना. आहे, कागदावर फार चांगली आहे. कायद्यानं वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायलाच पाहिजेत, सात दिवस आधी नोटीस पाहिजे, त्याआधी बायकांची वेगळी महिला सभा पाहिजे, कोरम म्हणजे कमीत कमी हजेरी 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यातलं जे कमी असेल ते. आता आमच्या गावच्या तारखा बघा. 26 जानेवारीला कापूस वेचणी अन् तूर सोंगणी, 1 मे ला ऊन 44-45 डिग्री, 15 ऑगस्टला निंदण-डवरण, 2 ऑक्टोबरला सोयाबीनची सोंगणी तोंडावर. अन् टाइम सकाळी 11 चा! मजुरी बुडवून कोण येणार हो? सकाळी झेंडावंदनाला आलेल्या पोरांना बिस्किटं वाटून झाली की मोठी माणसं वावरात निघून जातात, मग सचिव, सरपंच, दोन-चार मेंबर अन् आमच्यासारखे रिकामटेकडे पाच-सहा उरतात. कोरम नाही म्हणून सभा तहकूब. पुढच्या तहकूब सभेला कोरमची गरजच नसते, मग त्याच दहा माणसांत विषय मंजूर. रजिस्टर नंतर घरोघरी फिरतं. माझ्या काकूनं तर ज्या सभेची दवंडीही ऐकली नव्हती तिच्या हजेरीवर अंगठा दिलाय, तिला वाटलं राशनचा कागद आहे.

यात एकट्या सचिवाला शिव्या देऊन उपयोग नाही, त्याच्याकडे दुसऱ्या गावाचाही चार्ज आहे. पण सभा दिवसाच घ्या असं कायद्यात कुठं आहे? संध्याकाळी जेवणं झाल्यावर 8 वाजता शाळेच्या मैदानात घ्या, बघा किती लोक येतात ते. भागवत सप्ताहाला येतातच ना. मेंढा लेखाचं नाव प्रत्येक पुढाऱ्याच्या भाषणात असतं, गडचिरोलीतलं ते गाव "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणतं, तिथं बहुमतानं नाही तर सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसून निर्णय घेतात. भाषण देणारे स्वतःच्या गावात तसे एकदा तरी बसलेत का?

आता मूळ मुद्द्यावर येतो. जिल्हा परिषद, पंचायत समितीसाठी आमच्या सर्कलमधून, म्हणजे मतदारसंघातून, जे कोणी उभे राहतील त्या सगळ्यांना एकाच दिवशी, एकाच सतरंजीवर बसवायचं. स्टेज नको, हारतुरे नको. लोक विचारतील, ते बसून उत्तर देतील, प्रत्येकाला सारखाच वेळ. रात्री 10 नंतर लाऊडस्पीकर चालत नाही त्यामुळे आपोआप आटोपतं घ्यावं लागेल, ते एक बरंच आहे.

यात आमच्या लोकांनाही थोडी तयारी लागेल हे कबूल. आता जिल्हा परिषदेच्या उमेदवाराला कापसाच्या भावाचं विचारतात, हमीभाव तर केंद्र सरकार जाहीर करतं, तो बिचारा "वर बोलतो" म्हणून मोकळा होतो. त्यापेक्षा त्याच्या हातातलं विचारा ना. झेडपी शाळेच्या गळक्या खोल्या, उपकेंद्रात नर्स कोणत्या दिवशी असते, गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर आहे की नाही, वस्तीचा रस्ता. आमच्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली अन् त्यानंतर कितीतरी दिवस प्रशासकाचाच कारभार, म्हणजे ज्याला मत दिलं अन् ज्याला जाब विचारायचा असा माणूसच नव्हता. गावचा आराखडा अन् वित्त आयोगाच्या पैशाचा खर्च ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर मोबाईलमध्ये दिसतो, कॉलेजच्या पोरापोरींनी तेवढं काढून आणलं तरी गोलगोल उत्तरं चालणार नाहीत.

बायकांना मात्र समोर बसवा, मागं देवळाच्या भिंतीला टेकून नाही. पाण्याचं खरं त्यांनाच माहीत आहे, गावात नळ आला पण उन्हाळ्यात तो किती दिवसाआड येतो ते माणसांना विचारलं तर चुकीचंच सांगतील.

अडचण एकच आहे. गावकऱ्यांनी बोलावलं तर उमेदवार येतील का? एक आला की दुसरा म्हणणार त्याची सभा आहे, मी काहून येऊ. म्हणून तुम्हाला लिहितोय. तुमच्या तालुका वार्ताहराला मधात बसवा, निमंत्रण पेपरच्या नावानं जाऊ द्या, अन् जो येणार नाही त्याची सतरंजीवरची जागा रिकामी ठेवून फोटो छापा. परवानगीचा अर्ज तहसीलमध्ये आम्ही देतो. सतरंज्या भजनी मंडळाच्या आहेत, चहाचं बघून घेऊ.

आपला,
एक मतदार, जि. यवतमाळ