कानातला आवाज आणि जबड्याचे स्नायू

चि. मिहीर यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या कानांच्या तपासणीचा अहवाल मी नीट वाचला. दोन्ही कानांचे पडदे निरोगी आहेत, मळ नाही, ऑडिओमेट्रीचा म्हणजे ऐकण्याच्या चाचणीचा आलेखही उत्तम आहे. मात्र त्यावरून ‘हा आवाज म्हणजे माझ्या मनाचाच खेळ असावा’ असा जो निष्कर्ष तू काढलास, तो मला मुळीच मान्य नाही. तुझ्याच पत्रात एक वाक्य आहे, की दात घट्ट आवळले किंवा मान डावीकडे पूर्ण वळवली की कानातली शिट्टी चढते. इतकी वर्षे फिजिओथेरपीचे काम केल्यावर मला ते वाक्य अहवालापेक्षा महत्त्वाचे वाटते.

कानाकडून येणारी श्रवणचेता मेंदूच्या बुंध्याशी जिथे पोहोचते, तिथे डॉर्सल कॉक्लिअर न्यूक्लिअस नावाचा चेतापेशींचा एक समूह असतो. या पेशींकडे केवळ कानाचेच नव्हे, तर जबडा व चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल चेतेचे आणि मानेच्या वरच्या मणक्यांजवळच्या चेतांचेही संदेश येत असतात. आपल्याच चावण्या-बोलण्याचा आवाज आपल्याला फार मोठा वाटू नये, यासाठी या संदेशांचा उपयोग होत असावा, असे मानले जाते. जबड्याचे वा मानेचे स्नायू सतत आखडलेले राहिले, तर त्यांच्या संदेशांनी या पेशी बाहेर कोणताही ध्वनी नसताना उत्तेजित होऊ शकतात, आणि मेंदू त्या उत्तेजनेला आवाज समजतो. अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट लेव्हिन यांनी 1999 मध्ये हीच कल्पना मांडली होती. म्हणजे आवाज खरा आहे, फक्त त्याचे मूळ कानातच असेल असे नाही.

तरीही घाई नको. कानात आवाज येणाऱ्या पुष्कळ लोकांना जबडा वा मान हलवून तो थोडाफार बदलता येतो, त्यामुळे केवळ तेवढ्यावरून निदान होत नाही. मान वा जबड्याचे दुखणे आणि आवाज एकाच सुमारास सुरू झाले का, दोन्ही एकत्र वाढतात-उतरतात का, हे पाहावे लागते. तुझी मान नवीन प्रोजेक्टच्या काळात आखडली आणि शिट्टीही तेव्हाच लागली. शिवाय दिवाळीत तू घरी होतास, तेव्हा रात्री तुझे झोपेत दात खाणे शेजारच्या खोलीत तुझ्या बाबांना ऐकू येत होते.

आता एक करून पाहा. दोन बोटे कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या कोपऱ्यावर ठेव आणि दात आवळ. बोटांखाली जो स्नायू टणक होऊन वर येतो, तो मॅसेटर. दात सैल सोडून तो हळूहळू दाबत जा. एखाद्या जागी कळ आली आणि त्याच क्षणी शिट्टीचा सूर बदलला, तर ती जागा लक्षात ठेव आणि दंतवैद्याला दाखव. झिजलेल्या दातांवरून रात्रीच्या सवयीचा अंदाज त्यांना येईल व गरज वाटल्यास ते नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर बसवायचे आवरण, बनवून देतील. मानेसाठी तिथल्याच चांगल्या फिजिओथेरपिस्टकडे जा. दिवसभर ओठ मिटलेले पण दात एकमेकांपासून किंचित सुटे, अशी सवय लाव. सलूनमध्ये मान कडकन मोडून घेतोस ते ताबडतोब बंद कर, कारण अशा झटक्याने मानेतल्या रक्तवाहिनीला इजा झाल्याची उदाहरणे आहेत. आजी कानात कोमट तेल टाकायला सांगेल. तिला नाराज करू नकोस, पण टाकूही नकोस. रात्री पंख्याचा मंद आवाज असू दे, अगदी निःशब्द खोलीत शिट्टी अधिक जाणवते.

उपचारांनी आवाज आठवड्या-दोन आठवड्यांत नाहीसा होईल असे मी म्हणणार नाही. काहींचा पूर्ण थांबतो, काहींचा केवळ सौम्य होतो. परंतु एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागले, चक्कर आली किंवा आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडू लागला, तर स्नायूंचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा. अचानक आलेल्या बहिरेपणात उपचार पहिल्या काही दिवसांतच सुरू व्हावे लागतात.

दंतवैद्याची वेळ ठरली की कळव, आणि टेबलाशी काम करताना कोणाकडून तरी बाजूने फोटो काढून पाठव. संगणकाचा पडदा किती वर घ्यायचा ते मी पाहून सांगते.

तुझी,
आई