जुने सोन्याचे नाणे आटवण्यापूर्वी

संपादक महोदय,

सोन्याचे भाव चढू लागले की घरोघरी जपलेली जुनी नाणी डब्यांतून बाहेर निघतात, आणि आपल्या दैनिकातील गुंतवणुकीविषयीच्या लेखांतही त्यांचा विचार वजन आणि कस या दोनच बाजूंनी झालेला दिसतो. मी अनेक वर्षे जर्मन साम्राज्याच्या काळातील नगरराज्यांची सुवर्णनाणी जमवतो आहे, म्हणून तिसऱ्या बाजूकडे, म्हणजे नाण्याच्या दुर्मिळतेकडे, वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते.

गेल्या वर्षी आमच्या परिचयातील एका कुटुंबाने आईच्या पेटीतील एक नाणे येथील एका सराफाला 'गिन्नी', म्हणजे ब्रिटिश सोन्याचे नाणे, म्हणून विकले आणि त्याने ते आटवले. मला नंतर छायाचित्र दाखवण्यात आले. त्यात ढालीवर किल्ली होती, म्हणजे ते ब्रेमेन या जर्मन नगरराज्याचे होते. आकार गिन्नीएवढा होता, म्हणजे ते वीस मार्कांचेच (मार्क हे तेव्हाचे जर्मन चलन) असणार, आणि ब्रेमेनने वीस मार्कांचे सुवर्णनाणे केवळ १९०६ या एकाच साली काढले. त्यांची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. हा घोटाळा होण्याचे कारणही समजण्यासारखे आहे. गिन्नी ७.९८८ ग्रॅमची असते आणि वीस मार्कांचे नाणे ७.९६५ ग्रॅमचे, तराजूवर फरक जवळजवळ कळत नाही. गिन्नीचा कस मात्र बावीस कॅरटचा, तर मार्काच्या नाण्यात हजारी नऊशे भाग सोने असते.

१८७१ मध्ये जर्मन साम्राज्य स्थापन झाले, तेव्हा त्यातील बहुतेक घटकराज्यांवर राजे आणि ड्यूक होते, आणि त्यांच्या सुवर्णनाण्यांवर त्यांचेच मुखवटे उमटले. हाम्बुर्ग, ब्रेमेन आणि ल्युबेक ही तीन व्यापारी नगरे मात्र राजाविना स्वतःचा कारभार पाहत होती. फ्रांकफुर्टचे स्वातंत्र्य १८६६ मध्येच प्रशियाने संपवले होते. मुखवटा कोणाचा घालणार? म्हणून हाम्बुर्गने तीन बुरुजांचा किल्ला, ब्रेमेनने किल्ली आणि ल्युबेकने दोन डोक्यांचा गरुड नाण्यावर घातला. मागच्या बाजूला साम्राज्याचा गरुड सर्वांना समान होता. सयाजीरावांची छबी असलेल्या मोहरांचे कौतुक ऐकत लहानाचा मोठा झालेल्या माझ्यासारख्या बडोदेकराला राजाविना पाडलेल्या या सोन्याचे नवल वाटले, आणि छंद तेथूनच सुरू झाला. ल्युबेकचे राज्यपण १९३७ मध्ये गेले, आपले बडोदे संस्थान १९४९ मध्ये विलीन झाले. नाणी तेवढी मागे राहिली.

या तिन्हींत हाम्बुर्गची नाणी मुबलक आहेत. १८७५ पासून तेथील टाकसाळीचे 'जे' हे अक्षर त्यांवर असते, आणि सामान्य वर्षांच्या नाण्याला सोन्याच्या भावाहून फारसे अधिक मिळत नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. ल्युबेकने मात्र दहा मार्कांचेच नाणे काढले, तेही १९०१ ते १९१० या काळातील मोजक्याच वर्षांत, दर खेपेस सुमारे दहा हजार. ते बर्लिनच्या टाकसाळीत पाडले जात असल्याने त्यावर 'ए' हे अक्षर दिसते. अशा नाण्याला कडी जोडून गळ्यात घातले, किंवा चिंच लावून घासून लख्ख केले, की संग्राहकाच्या दृष्टीने त्याचे मोल बरेच उतरते. दुर्मिळ नाण्यांच्या नकलाही होतात, त्यामुळे खरेदी करणाऱ्याने वजन, व्यास आणि कड तपासल्याशिवाय पैसे मोजू नयेत. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येते, म्हणून ते परदेशी विकण्याचा मार्ग खुला आहे असेही कोणी समजू नये.

माझी विनंती एवढीच आहे, की सोने विकण्याविषयी मार्गदर्शन करताना आपण वाचकांना नाण्याच्या दोन्ही बाजूंची स्वच्छ छायाचित्रे काढून ती आधी एखाद्या जाणकार नाणेसंग्राहकाला दाखवण्यास सुचवावे, आणि तोवर नाणे घासू नये, असेही सांगावे.

आपला,
एक नाणेसंग्राहक
दांडिया बाजार, वडोदरा