डिटेल्सचा संग्रह लावून देणाऱ्या मॅडमना जाहीर आभारपत्र

आदरणीय मॅडम,
स. न. वि. वि.

गच्चीचा कठडा, खिडकीची सिल, बाथरूमचा उंबरा हे जोड जवळजवळ प्रत्येक इमारतीत येतात. त्यांची डिटेल्स, म्हणजे जोड कसा बांधायचा ते दाखवणारी ड्रॉइंगं, दर वेळी नव्यानं काढण्यात वेळ जातो, म्हणून सगळेच जुन्या प्रकल्पातून उचलतात. उचललेल्या डिटेलसोबत त्या इमारतीची गृहीतकंही येतात, हे तुम्ही आमच्या डोक्यात पक्कं बसवलंत, त्याबद्दल आधी आभार. ५० मिमी उष्णतारोधक थर धरून काढलेलं कठड्याचं डिटेल १०० मिमी थराच्या छपरावर तसंच चिकटवलं, तर छपराचा तयार पृष्ठभाग ५० मिमीनं वर येतो. वॉटरप्रूफिंगचा वरचा काठ जिथे संपतो ती कठड्यातली खाच मात्र जागेवरच राहते, आणि वॉटरप्रूफिंग कठड्यावर १५० मिमी चढायचं ते १०० मिमीच चढतं. ड्रॉइंगमध्ये काहीच खटकत नाही.

यासाठीच तुम्ही प्रत्येक डिटेलला वापराची चिठ्ठी जोडलीत: कुठे चालेल, कुठे चालणार नाही, कोणत्या जाड्या धरल्या आहेत, कोणी आणि कधी तपासलं. यातलं ‘कुठे चालणार नाही’ हे सगळ्यात मोलाचं. ते लिहायला सर्वांत अवघड असतं, आणि तुम्ही ते एकदाही रिकामं सोडू दिलं नाहीत.

वर्गवारीचा तुमचा निर्णयही तितकाच शहाणपणाचा. मास्टरफॉरमॅटप्रमाणे, म्हणजे साहित्य आणि कामाच्या प्रकारानुसार, लावायचं तर खिडकीची सिल ०४ गवंडीकाम, ०७ ओल व उष्णतेपासून संरक्षण आणि ०८ दारं-खिडक्या अशा तिन्ही विभागांत मोडते. मग एकच डिटेल तीन फोल्डरांत जातं आणि दुरुस्ती एकातच होते. तुम्ही फोल्डर इमारतीच्या भागांनुसार लावलेत, जसं युनिफॉरमॅट या दुसऱ्या वर्गवारीत बी२० बाह्य भिंती आणि बी३० छप्पर. साहित्याचे विभाग फक्त शोधण्यासाठी टॅग म्हणून ठेवलेत. डिटेलचा कायम क्रमांक आणि शीटवरचा क्रमांक वेगळे. बाद झालेल्या डिटेलचा क्रमांक पुन्हा कुणालाच नाही.

फाइलमधली शिस्त वरवर किरकोळ वाटते. एका फाइलमध्ये एकच डिटेल, मॉडेलमध्ये १:१ म्हणजे खऱ्या मापात, रंग आणि रेषेची जाडी लेअरवरून (ड्रॉइंगच्या थरावरून), छापल्यावर अक्षर २.५ मिमी, शेवटी ऑडिट आणि पर्ज, म्हणजे फाइलमधल्या चुका तपासणं आणि न वापरलेलं काढून टाकणं. मापावर हातानं आकडा टाइप करायला सक्त मनाई, कारण पुढे कोणी रेषा ताणली तरी तो आकडा हलत नाही. ब्लॉकच्या, म्हणजे नाव देऊन एकत्र बांधलेल्या रेषांच्या तुकड्याच्या, नावात आवृत्ती घालायला लावलीत, त्याचं कारण तर फार थोड्यांना ठाऊक असतं. ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सुधारित डिटेल घातलं आणि त्याच्या आतल्या ब्लॉकच्याच नावाचा ब्लॉक त्या ड्रॉइंगमध्ये आधीपासून असला, तर जुनाच टिकतो. नव्या डिटेलमध्ये जुना तुकडा, तोही सहज लक्षात न येता.

मूळ फाइल चालू प्रकल्पाला एक्सरेफनं, म्हणजे प्रत न काढता नुसत्या दुव्यानं, जोडू दिली नाहीत, हा आमच्या मते सर्वांत दूरदृष्टीचा नियम. जोडली असती तर मूळ फाइलमधला बदल साइटवर आधीच गेलेल्या ड्रॉइंगच्या पुढच्या प्रिंटमध्ये शिरला असता, सुधारणेची खूण न होता. आता प्रत काढली जाते, कोणत्या प्रकल्पात कोणती आवृत्ती गेली ते वहीत नोंदलं जातं, आणि बदल घ्यायचा की नाही हे त्या प्रकल्पाचा आर्किटेक्ट ठरवतो.

टिपांमधून कंपन्यांची नावं काढून गुणधर्म लिहायला लावलेत. ‘सीलंट भरणे’ एवढ्यावर तुमचं समाधान नव्हतं: १२ मिमी रुंद सांध्यात ६ मिमी खोल सीलंट, मागे सांध्यापेक्षा थोडी जाड फोमची दोरी, आणि सीलंट दोन्ही कडांनाच चिकटलेलं, तळाला नाही. तळालाही चिकटलं की सांधा उघडताना सीलंटला ताणायला जागा राहत नाही आणि ते फाटतं.

बाहेरच्या दाराचा उंबरा तुम्ही अजून संग्रहात घेतलेला नाही. तो उंच ठेवला तर व्हीलचेअर अडते, सपाट ठेवला तर पाणी आत येतं, आणि समोरची जाळीची नाली बाहेरच्या जमिनीच्या उतारानुसार दर ठिकाणी बदलते. घाई करून तो ‘मंजूर’मध्ये टाकला नाहीत, याबद्दलही मनापासून आभार.

आपले,
ड्रॉइंग विभागातले सर्व सहकारी