लॅक्स्टनच्या पाटलांना रामराम

पाटील, रामराम.

इंग्लंडमधल्या तुमच्या लॅक्स्टन गावात पाटील नसतो, हे मला ठाऊक आहे. पण बाबांनी पहिल्याच दिवशी तुम्हाला ही पदवी देऊन टाकली आणि आमच्या घरात आता तुमचं तेच नाव चालतं. खरं नाव कुठं लिहू नको असं तुम्ही बजावलं होतं, त्यामुळे सोयच झाली. आभाराचं इंग्रजीतलं कार्ड तुम्हाला मागेच मिळालंय. ते चार ओळींचं होतं, आणि चारही ओळी दुकानात छापलेल्या. बाबांना ते पटलं नाही. "असं नाय. नीट लिही, मराठीत लिही. ह्या माणसानं काय केलं ते आपल्या लोकांना कळू दे." म्हणून हे जाहीर पत्र. तुम्हाला मी ते फोनवर वाचून दाखवीनच, अर्थ सांगत सांगत, त्या दिवशीसारखी.

बाबा तेहतीस वर्षं तलाठी होते, त्यातली शेवटची बरीच इंदापूर तालुक्यात. आई गेल्यानंतर मी त्यांना सहा महिन्यांसाठी नॉटिंगहॅमला घेऊन आले. ऑक्टोबर उजाडेपर्यंत ते बोलायचे जवळजवळ बंद झाले होते. भाषा येत नाही, ओळखीचं कुणी नाही, खिडकीतून गाड्या बघायच्या. आम्ही त्यांना किल्ले दाखवले, बागा दाखवल्या. सगळीकडे ते पाहुण्यासारखे मान डोलवायचे. गाडीत एकदाच म्हणाले, "सगळं कुंपणातच आहे की गं. शिवार कुठाय?"

प्रश्न बरोबर होता, हे मला नंतर कळलं. इंग्लंडचं शिवार कुंपणात गेलं ते कायद्यानं. १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटनं ५,२०० हून जास्त कायदे करून गावोगावची मोकळी, सामायिक वहिवाटीची जमीन वाटून कुंपणात घातली. इंग्लंडच्या एकूण जमिनीचा पाचवा हिस्सा. ज्याच्याकडे कागद होता त्याला तुकडा मिळाला. ज्याची नुसती गाय चरत होती, त्याच्या हाती फारसं काही लागलं नाही.

तर त्या रविवारी टक्सफर्डहून ऑलर्टनकडे जाताना मी वळण चुकले, आणि अचानक कुंपण संपलं. बाबा म्हणाले, "थांब." समोर भलंमोठं रान, त्यात लांबच लांब पट्ट्या. एकीत गहू उगवून आलेला, शेजारची नुकती कुळवलेली, तिच्यापलीकडं अजून धसकटं. मध्ये बांध नाही, तार नाही, काही नाही. बाबा उतरून कडेला उभे राहिले. मातीचं ढेकूळ उचललं, चुरडलं. जड, चिकण, तांबूस माती. कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडून आपणहून वाक्य आलं. "एका गटात इतके खातेदार कसे?"

गावात शिरलो तर कोंडवाड्यापाशी तुम्ही कुत्रं घेऊन उभे. विटांची चौकोनी भिंत आणि फाटक बघून बाबांनी कोंडवाडा मी काही सांगायच्या आत ओळखला. रस्ता चुकलात का, असं तुम्ही विचारलंत. मी रस्ता विचारणार, एवढ्यात बाबांनी मला ढोसलं, "आधी ते खातेदारांचं विचार."

पाटील, आभार मानायचे ते मुख्यतः इथले. माझं भाषांतर भयंकर होतं. पण तुम्ही ते ऐकून घेतलंत आणि उत्तर देताना माझ्याकडे नाही, बाबांकडे बघून बोललात. त्याआधीचे दोन महिने दुकानदार, शेजारी, दवाखान्यातली माणसं, सगळे माझ्याकडे बघून विचारायचे, "यांना काय हवंय?" तुम्ही एका जमिनीच्या माणसाला उत्तर देत होतात. मी मधली दुभाषी, माझ्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. असा अपमान मला रोज चालेल.

त्या दुपारी तुम्ही जे सांगितलंत ते मी इथं आपल्या वाचकांसाठी लिहिते. लॅक्स्टनची तीन मोठी रानं: वेस्ट फील्ड, साउथ फील्ड, मिल फील्ड. एकात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, तिसरं पड. दर वर्षी पाळी पुढं सरकते. प्रत्येक शेतकऱ्याच्या पट्ट्या तिन्ही रानांत विखुरलेल्या, म्हणजे कुणाला सगळी चांगली आणि कुणाला सगळी पाणथळ असं होत नाही. जमीनच अशी विखुरलेली, म्हणून शेतावर वस्ती करून राहण्यात अर्थ नाही. जुने वाडे सगळे गावठाणात, रस्त्याकडे घराची आखूड भिंत करून. युरोपभर एके काळी अशी गावं होती. इंग्लंडमध्ये ही पद्धत जुन्या रिवाजासकट अखंड चालू राहिली ती इथं. तुमच्या गावकऱ्यांनी ती मुद्दाम जपली असं मला वाटलं होतं. तुम्ही हसून म्हणालात, कसलं काय, दोन बड्या जमीनदारांचं आपसात जमलं नाही, म्हणून कुंपण राहून गेलं. भाऊबंदकीनं वाचलेलं गाव! हे कळल्यावर बाबांना लॅक्स्टन एकदम जवळचं वाटायला लागलं.

मग साखळीचा विषय निघाला. एकराचं माप कुठून आलं ते तुम्ही काठीनं मातीवर काढून दाखवलंत. बैलांच्या जोड्यांनी एका दमात ओढायचा नांगराचा तास म्हणजे एक फर्लांग, दहा साखळ्या. रुंदी एक साखळी, बावीस यार्ड. फर्लांग गुणिले साखळी, झाला एकर. बावीस यार्ड म्हणजे क्रिकेटची खेळपट्टी, हे तुम्ही म्हणालात आणि बाबांनी मांडीवर थाप मारली. मग त्यांची पाळी. आमच्या मोजणीची साखळी तेहतीस फुटांची, तुमच्या बरोबर अर्धी, तिचे आणे सोळा. साखळी गुणिले साखळी म्हणजे एक गुंठा, असे चाळीस गुंठे म्हणजे तुमचाच एकर. तुम्ही टोपीच्या आत बोटांवर हिशेब केलात आणि म्हणालात, जमतंय की. १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी मुंबई इलाख्याची नवी मोजणी सुरू केली ती इंदापूर तालुक्यातून. त्या तालुक्याचा तलाठी आता साहेबाच्या शिवारात पावलं टाकत पट्टीची रुंदी काढत होता. मी फोटो काढायला विसरले. आणखी एक गोष्ट त्यांनी न सांगता हेरली. जुन्या पट्ट्या सरळ नाहीत, सापासारख्या किंचित वळलेल्या. "आठ बैलांचं औत वळवायला आधीपासून कलतं घ्यावं लागत असणार," बाबा म्हणाले. तुमचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होता.

डव्हकोट इन या गावातल्या पबच्या मागच्या खोलीत तुम्ही नकाशा दाखवलात. १६३५ साली मार्क पीअर्सनं काढलेल्या नकाशाची ती प्रत. मूळ ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात. एकेक पट्टी, कुणाची ते वेगळ्या वहीत, आणि रानात नांगरणारी, कापणी करणारी बारीक बारीक माणसं. बाबा त्याच्यासमोरून हलेनात. "गावनकाशा आणि आकारबंद, दोन्ही," एवढंच म्हणाले. पुढचं मी घरी येऊन वाचलं, ते तुम्हालाही आवडेल. हा नकाशा करवून घेणारा तेव्हाचा मालक सर विल्यम कोर्टन, लंडनचा बडा व्यापारी. त्याच १६३५ च्या अखेरीस त्याच्या व्यापारी मंडळाला चार्ल्स राजानं पूर्वेकडच्या व्यापाराचा परवाना दिला, ईस्ट इंडिया कंपनीच्या नाकावर टिच्चून. १६३६ मध्ये कोर्टन वारला, आणि त्याच वर्षी त्याची जहाजं गोव्याला लागली. दोन वर्षांनी त्याच्या मंडळानं कारवारला वखार घातली. म्हणजे तुमच्या गावच्या पट्ट्या मोजवणारा माणूस तेव्हाच आमच्या किनाऱ्यावरही डोळा ठेवून होता. १६४० मध्ये गाव पिअरपॉइंट घराण्याकडे गेलं. पुढं १९५२ मध्ये याच घराण्यातल्या अर्ल मॅनव्हर्सनं ते कृषी मंत्रालयाला विकलं, १९८१ मध्ये क्राउन इस्टेटकडे आलं आणि २०२० मध्ये फिरून त्याच घराण्याच्या थोर्सबी इस्टेटकडे. बाबांच्या भाषेत: फेरफार पुष्कळ, वहिवाट तीच.

नोव्हेंबरअखेरीस ज्युरी डेला, म्हणजे पंचांनी रान तपासायच्या दिवशी, तुम्ही आम्हाला बोलावलंत. आमचा काहीएक संबंध नसताना. बाबांच्या मापाचे गमबूटही आणून ठेवले होते. बारा पंच आणि त्यांचा म्होरक्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून गव्हाच्या रानात निघाले, बरोबर लाकडी खुंट आणि मोगरी. काम एकच: कुणी आपल्या हद्दीबाहेर, वाटेवर किंवा गवती सखलात नांगर घातलाय का बघायचं, मोजायचं, खुंट ठोकायचा. त्या सखल भागांना तुम्ही साइक म्हणता. तिथं नांगर चालत नाही आणि गवताचा दर उन्हाळ्यात लिलाव होतो. तो शब्द बाबांनी लगेच उचलला.

बांध कोरणं याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला येत नव्हतं. मी हातानं खरवडून दाखवलं. तुम्ही क्षणभर बघत राहिलात आणि मग ट्रॉलीतल्या सगळ्यांना ओरडून सांगितलंत, "यांच्याकडेही करतात!" अख्खी ट्रॉली हसली. टोपीवाला म्हातारा कोण, असा सवाल त्यानंतर कुणी केला नाही. एका पट्टीवर वाद होता, फूटभराचा. बाबांनी खाली बसून तास बघितला आणि बोटानं नांगराची जुनी रेघ दाखवली. म्होरक्यानं तिथंच टेप लावली. बाबांचं बरोबर होतं की नाही हे मी मुद्दाम लिहीत नाही, गावातलं भांडण गावातच बरं. पण खुंट ठोकताना मोगरी तुम्ही त्यांच्या हातात दिलीत. एकदाच, एक घाव. आई गेल्यापासून मी त्यांना असं ताठ उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

आठवड्यानं कोर्ट लीट, म्हणजे गावचं जुनं न्यायालय, भरलं, डव्हकोटमध्येच. दंड ठरले, ते थोडेच, पण नाव सगळ्यांसमोर वाचलं जातं. १९७७ च्या कायद्यानं इंग्लंडमधल्या असल्या बहुतेक जुन्या न्यायालयांचे अधिकार काढून घेतले, लॅक्स्टनचं तेवढं राखलं. परत येताना गाडीत बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माझ्या नोकरीत बांधावरनं दोन सख्खे भाऊ पंधरा पंधरा वर्षं तारखा करत होते. इथं शेजारी येतो, मोजतो, दंड करतो आणि त्याच खोलीत बसून बिअर पितो." थोड्या वेळानं पुढं म्हणाले, "अर्थात ह्यांची जमीन मालकीची नाही, कुळाची आहे. मालकीची असती तर बघितलं असतं." तलाठी तो तलाठीच.

बाबा जानेवारीत परत गेले. तुम्ही दिलेला जुना खुंट त्यांनी कपड्यांत गुंडाळून बॅगेत नेला. आधी पुसून, धुऊन, आणि विमानतळावर हा लाकडाचा साधा तुकडा आहे असं समजावून. आता तो ओसरीवर उभा आहे आणि चुलतभाऊ त्याला छत्री अडकवतो, यावरून घरात रोज वाद. पारावर ते लॅक्स्टनची गोष्ट सांगतात. दर खेपेला ट्रॉली मोठी होते आणि फूटभराचा वाद आता दीड फुटावर आलाय.

तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं का? त्यांनी विचारलंय. आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं: त्या कडेच्या पट्टीवाल्यानं पुन्हा कोरलं का? उत्तर लवकर कळवा, इंदापुरात लोक थांबलेत.

तुमची,
दुभाषी